एक टप्पा पडला की परत

एका गावाला केरबा नावाचा एक भोळा जावई मिळाला होता. जावई तो सासरच्या गावचा. आपल्या गावात तो नुसताच भोळा होता.

त्याची बायको सगुणा सणाला माहेरी गेली ती तिकडंच अडकली. सासरे फौजेत टेनिस शिकून आलेले. गावात त्यांच्यासमोर खेळायला कुणी उभं राहीना. ते म्हणाले, "जावईबापू, टेनिस शिका, मगच सगुणा नांदायला येईल." केरबाला तिच्यावाचून घास गोड लागत नव्हता. तो शिकायला आला.

खळ्यावर चुन्याच्या रेघा मारल्या होत्या. मधे जाळं बांधलं होतं. सासरे म्हणाले, "हे डोक्यानं शिकायचं नसतं, अंगानं शिकायचं असतं. हात सैल सोडा."

डोक्याचं काम नाही म्हटल्यावर केरबाला हायसं वाटलं. त्यानं हात सैल सोडला. रॅकेट उडाली ती सासूबाईंच्या पापडांवर पडली.

"अहो, हातातलं सोडायचं नाही. काही झालं तरी."

"बरं, मामा."

दुपारी त्यानं खोंड पाण्यावर नेलं. खोंड उधळलं. केरबानं कासरा सोडला नाही. खोंडानं त्याला निवडुंगातून आणि ओढ्यातून फिरवून घरी आणलं.

सासऱ्यांनी कपाळाला हात लावला. "अंगावर काही आलं की पाय हलवावेत, बाजूला सरावं."

"बरं, मामा."

जेवायच्या वेळी सासूबाई आमटीचं पातेलं घेऊन येताना उंबऱ्याला ठेचकाळल्या. केरबा चपळाईनं बाजूला सरला. आमटी सासऱ्यांच्या मांडीवर गेली. निवलेली होती म्हणून निभावलं.

"आलेलं चुकवून कसं चालेल? आपल्या बाजूला आलं, एक टप्पा पडला, की दुसरा पडायच्या आत आलं तिकडं परत धाडायचं."

"बरं, मामा."

हे मात्र केरबाच्या अंगात भिनलं. दुसऱ्या दिवशी त्यानं एकूण एक चेंडू परत धाडला. पाय आपोआप पळत, हात आपोआप फिरे. सासऱ्यांचे डोळे पाणावले. म्हणाले, "जिंकलंत. सोमवार चांगला आहे, सगुणाला एसटीनं पाठवतो."

केरबानं आपल्या गावी परतून घर सारवलं. दारात रांगोळी काढली, वाकडी. सोमवारी फाट्यावर एसटी थांबली. सगुणा उतरली, हसली. केरबा आनंदानं पुढं झाला.

पिशवी खाली ठेवत ती म्हणाली, "तिकिटाचा एकच तर टप्पा, पण अंग मोडलं बाई."

एक टप्पा म्हणताच केरबाचे पाय आपोआप पळाले, हात आपोआप फिरला. एसटी माघारी वळत होती. आधी पिशवी आत गेली, मागोमाग सगुणा.

केरबा धापा टाकत कंडक्टरला म्हणाला, "मामांना सांगा, दुसरा पडू दिला नाही. आता पाळी त्यांची."