यक्षाची कणीक

एका राज्यात धरणसेन नावाचा राजा होता. मनाने चांगला, पण भारी चिक्कू. दरबारातला पखवाजवादक भिवाजी गुरव रोज सकाळी नाद घुमावा म्हणून पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक लावी, आणि ते पाहून राजाचा जीव वरखाली होई. एके दिवशी राजाने ती कणीक नखांनी खरवडली आणि आपल्या बोलक्या मैनेला चारली.

त्या पखवाजात एक यक्ष राहत असे. ती कणीक म्हणजे त्याची न्याहारी. उपाशी यक्ष म्हणाला, "राजा, तुझ्या राज्यात आता कुणाचीच थाप लागणार नाही."

तसेच झाले. ढोलक्या मुक्या झाल्या. भाकरी थापावी तर तिच्या चिरफळ्या होत, गोवऱ्या भिंतीवरून गळून पडत. शाबासकीची थाप कुणाच्या पाठीला जाणवेना. दरबारी मंडळींना थापाही मारता येईनात, एवढे एक मात्र बरे झाले. पण राजाची तीन महिन्यांची लेक इंदुलेखा थोपटल्याशिवाय झोपत नसे. ती सहा दिवस जागी राहिली. रडून रडून तिचा आवाज बसला, सातव्या दिवशी तिने दूध सोडले. राजाच्या तोंडचे पाणी पळाले.

मैना म्हणाली, "महाराज, कणीक मी खाल्ली, उपायही मीच सांगते. गहू स्वतः निवडा, स्वतः दळा, स्वतः मळा. मग यक्षाला जेवू घाला."

राजा सूप घेऊन बसला. सुपातले खडे "आम्हीच गहू" म्हणू लागले. राजाने एकेक दाताखाली धरून पारखला. दोन दात हलले. मग जाते आले. ते ओवीशिवाय फिरेना. राजाने आपली बिरुदावली गायली, जाते ढिम्म. शेवटी रडवेला होऊन तो म्हणाला, "इंदू गं बाई, नीज गं बाई," आणि जाते गरगर फिरले. मळताना पाणी जास्त झाले, कणीक परातीतून पळू लागली.

"भिवाजी, मला जमत नाही."

"जमेल, महाराज. घाई करू नका."

जमली एकदाची. राजाने ती स्वतःच्या हाताने पखवाजाला लावली. यक्षाने चाखून पाहिली. "मीठ नाही," तो म्हणाला, "पण चालेल."

भिवाजीने थाप दिली. पखवाज घुमला, आणि घरोघरी भाकऱ्या गोल उतरू लागल्या.

राजा धावत अंतःपुरात गेला, लेकीला मांडीवर घेऊन थोपटू लागला. तिचे डोळे मिटले. तो उठू लागताच ती कुरकुरली.

राणी हळूच म्हणाली, "हात काढू नका."

राजाच्या पायांना मुंग्या आल्या, तरी तो संध्याकाळपर्यंत तसाच थोपटत बसला. त्या दिवशी दरबार भरला नाही, आणि राज्यात कुणाचेही काही अडले नाही.