गोधडीने ऐकून घेतलं

फार वर्षांपूर्वी शरयूताईंच्या गाणी ऐकायच्या खोलीत एक ग्रामोफोन होता. तो गाऊ लागला की गुळगुळीत, उघड्या भिंती प्रत्येक सूर त्याच्याच तोंडावर फेकायच्या आणि वर म्हणायच्या, "याचा गळाच बिघडलाय!" बिचारा हिरमुसायचा. ताई त्याला मोडीत काढणारच होत्या.

एवढ्यात त्यांनी डास मारायला टाळी वाजवली. टाळीही खणखणत परत आली.

"अगंबाई, उलटून बोलतात त्या भिंती होय!" म्हणत ताईंनी ट्रंकेतली जुनी गोधडी समोरच्या भिंतीवर टांगली.

त्या संध्याकाळी ग्रामोफोनचं गाणं स्वच्छ उमटलं. तो म्हणाला, "गोधडीबाई, तुमचे उपकार कसे फेडू? केलंत तरी काय?"

"काही नाही रे," गोधडी म्हणाली, "त्या उलटून बोलायच्या, मी नुसतं ऐकून घेतलं."