राणी मंदारवतीची प्लीहा

एका राज्यात मंदारवती नावाची राणी होती, आणि ती फार थकली होती. दोन पायऱ्या चढल्या की धाप लागे. चेहरा पांढराफटक पडला होता. डाव्या बरगड्यांखाली मात्र काहीतरी फुगत चालले होते. कुठे जखम नव्हती, मग रक्त गेले कुठे, हे वैद्यांना उमगेना.

कृष्णकेतू मांत्रिक निरोपावर निरोप धाडी: सिंहासन दे, बरी करतो. एके सकाळी राणीला वाटले, देऊन टाकावे आणि निजावे. तिने राजमुद्रा हाती घेतली, तोच खिडकीत बसलेला खंड्या पक्षी बोलला.

“राणी, तुझे रक्त तुझ्यातच आहे. अडीअडचणीसाठी शरीर थोडे रक्त डाव्या बरगड्यांखालच्या प्लीहेत राखून ठेवते आणि वेळ आली की सोडते. मांत्रिकाने हिमशिखरावरच्या सरोवरातल्या शिळेवर मंत्र घालून तुझी प्लीहा बांधली आहे. रक्त आत जाते, बाहेर येत नाही.”

“ती सुटेल कशाने?”

“धापेने, गारठ्याने आणि रोखलेल्या श्वासाने. तिन्ही तुलाच सोसावी लागतील.”

राणीने सुस्कारा सोडला. एखादे चूर्ण सांगेल, अशी तिला आशा होती.

राजमुद्रा ठेवून, पालखी परत पाठवून ती हिमशिखराची वाट चढू लागली. सोबत सुगंधा दासी होती. वळणावळणावर राणी मटकन बसे, आणि सुगंधा शेजारी बसे. माथ्यावर छाती भात्यासारखी हलू लागली, तेव्हा मंत्राची पहिली गाठ सुटली.

माथ्यावरच्या सरोवरात तिने तोंड बुडवले. गारठा सुयांसारखा टोचला. दुसरी गाठ सुटली.

सरोवराच्या तळाशी मांत्रिकाची मंत्रशिळा होती. राणीने श्वास रोखून बुडी मारली. खाली सारे शांत होते. कोणी काही मागत नव्हते. इथेच राहावे, असे तिला मनापासून वाटले. तरीही तिने शिळेला हात घातला. शिळा हलेना. श्वास संपत आला, तिसरी गाठ सुटली आणि बरगड्यांखाली प्लीहा मुठीसारखी आवळली. साठलेले रक्त अंगभर धावले. हातांत बळ आले. शिळा उचलून राणी वर आली आणि तिने ती खडकावर आपटली.

शिळा फुटली, त्या क्षणी कृष्णकेतू आपले सारे मंत्र विसरला, आणि हद्दीबाहेर निघून गेला.

राणीच्या गालांवर रंग चढला होता. सुगंधाने विचारले, “आता कसे वाटते?”

“थकले आहे,” राणी म्हणाली, “पण ही झोपेने जाणारी दमणूक आहे.”

महालात परतून ती गाढ झोपली. उठली तेव्हा दरबार भरला होता, आणि पायऱ्या चढताना तिला कुणाचा हात धरावा लागला नाही. राणीची काळजी मिटली, तशी ऐकणाऱ्यांचीही मिटो.