तात्यांची आखूड बंदूक

एकदा एक शिष्य पुष्कळ वर्षांनी आपल्या वृद्ध उस्तादांच्या दारी आला, आणि आला तो बगलेत बंदूक घेऊन. घाबरू नका, छऱ्यांची बंदूक होती. जत्रेत फुगे फोडायला असते ना, त्याच जातीची. उस्तादांचं नाव हसनचाचा शिकलगार. फुगेवाल्यांच्या बंदुका दुरुस्त करण्यातच त्यांचा जन्म गेला होता. शिष्याचं नाव प्रल्हाद. चाचांच्या हाताखाली तो कानस धरायला शिकला, पुढे पुण्याच्या कारखान्यात लागला आणि वर्षातून दोनदा गावी येणारा माणूस झाला.

बंदूक प्रल्हादच्या वडिलांची, तात्यांची. तात्यांचा नेम पंचक्रोशीत प्रसिद्ध. घरामागच्या परड्यात दोरीला रिकामे डबे टांगायचे आणि रविवारची दुपारभर ते वाजवत बसायचे, हा त्यांचा एकमेव षौक. मागल्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, पण डावा हात गेला. बायको आधीच वारलेली. आता तात्या खुर्चीत बसून असत आणि बंदूक खुंटीला. इकडे प्रल्हादला त्या डब्यांच्या आवाजाची इतकी ओढ, की कारखान्यात कुठे पत्रा पडला तरी त्याची मान वळायची. तात्यांनी एकदा, फक्त एकदा तरी बार काढावा, यासाठी तो तळमळत होता.

म्हणून रजा काढून त्याने घरीच घाट घातला. खांद्याला लावायचा लाकडी दस्ता कापून आखूड केला, लाकूड कोरून हलकं केलं आणि शेवटी करवत लावून नळीही वीतभर उडवली. बंदूक मोठी सुबक झाली, मांडीवर मावेल आणि एका हाताने पेलेल अशी. पण तात्यांना ती भरताच येईना! अहो, या बंदुकीची नळी हाच ती भरायचा दांडा. नळी खाली वाकवली की आतली स्प्रिंग आवळते, मग छर्रा घालायचा. नळी तोकडी झाल्यावर जोर कितीतरी जास्त लागू लागला. तात्यांनी दोनदा गुडघ्यावर दाबून पाहिली आणि "राहू दे रे" म्हणून ठेवून दिली.

"चाचा, माझं चुकलं," प्रल्हाद म्हणाला. "उद्या मला परत जायचंय. तात्यांना एकट्याला भरता येईल असं काहीतरी करून द्या."

चाचांनी बंदूक उलटीसुलटी करून पाहिली. "लाकडाचं काम झ्याक केलंयस. नळी मात्र अडाण्यावाणी कापलीस. चार वर्षं माझ्याकडं काय माशा मारल्यास?"

मग त्यांनी नळीचं तोंड घासून साफ केलं. हातभर लांबीचा एक पाइप शोधला आणि नळीवर घट्ट चढेल असा बेतला. स्वतःचा डावा हात पाठीमागे घेतला, बंदूक गुडघ्याला टेकवली आणि उजव्या हाताने पाइप खाली दाबला. खट्! पंचाहत्तरीच्या म्हाताऱ्याने एका हाताने बंदूक भरली होती. प्रल्हादचे डोळे भरून आले.

आणि चाचांनी काय करावं? पाइप उतरवला, आपल्या पेटीत टाकला आणि पेटीला कुलूप घातलं.

"चाचा! अहो, हे काय?"

"बंदूक घेऊन जा. पाइप न्हाई मिळायचा."

"थट्टा करताय का? तिकडं म्हातारा झुरतोय!" प्रल्हादचा आवाज चढला.

"व्हय, झुरतोय. कशासाठी, ते इचारलंस कधी?" चाचा शांतपणे म्हणाले. "तू बारका असताना तुझी बंदूक कोण भरायचं?"

प्रल्हाद गडबडला. "तात्याच. माझ्यात तेवढा जोर कुठं होता? ते वाकवून द्यायचे, मी चाप ओढायचो."

"मग त्यांनी तुला का न्हाई बारकी बंदूक करून दिली? अरं लेकरा, तो दोघांचा खेळ होता. आता तुझी पाळी आली, तर तू अशी बंदूक करायला बसलास, जिला तुझी गरजच पडू नये! माझा पोरगा दुबईला असतो. गुणाचा हाय, समदं धाडतो. गार हवेचं यंत्र, फोन, पाठ चेपायची खुर्ची. एकट्याला वापरता येईल असंच बघून धाडतो. म्हणून मी एकटाच वापरतो." चाचांनी पेटीची किल्ली खिशात टाकली. "आज त्यांच्याशेजारी बस आन् भरून दे. त्यांनी तोंडानं मागितलं, तर सकाळी येऊन पाइप घेऊन जा."

प्रल्हाद घरी गेला. परड्यातल्या दोरीला त्याने एक रिकामा डबा टांगला. नळी वाकवून त्याने छर्रा घातला आणि बंदूक तात्यांच्या उजव्या हातात दिली. तात्यांनी ती खिडकीच्या कठड्यावर टेकवली. पहिला बार भिंतीत गेला. दुसराही.

"भर," तात्या म्हणाले.

तिसराही चुकला. "भर की रे, झोप लागली काय तुला?"

अकराव्या बाराला डबा वाजला, आणि प्रल्हादला रडू कोसळलं. तात्यांनी ते पाहिलं, पण पाहिलं असं दाखवलं नाही. छर्रे संपेपर्यंत बापलेक खिडकीपाशीच बसून होते.

सकाळी निघताना प्रल्हादने भीत भीत विचारलं, "तात्या, तुम्हाला एकट्याला भरता येईल अशी सोय आहे चाचांकडं. आणून देऊ?"

तात्यांनी खिडकीतून दोरीवरच्या डब्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "एकट्यानं वाजवून ऐकणार कोण?" आणि मान दुसरीकडे वळवून विचारलं, "पुढल्या रविवारी येतोस का?"

मुलगा पुण्याला गेल्यापासून त्यांनी हे कधीच विचारलं नव्हतं. प्रल्हादने पायातल्या चपला काढल्या आणि पुन्हा त्यांच्याजवळ जाऊन बसला. बस गेली तर गेली.

आपल्या माणसाला सोय करून देताना एकदा स्वतःला विचारावं, की ही त्याची सोय आहे, का आपली सुटका?