विरजणाचं मडकं

भांडी एकमेकांशी बोलायची, तेव्हाची गोष्ट. स्वयंपाकघरात नव्यानं आलेल्या मडक्यात दोनदा दही लागलंच नव्हतं. "आजही बिघडलं, तर तुझी रवानगी माळ्यावर," सकाळीच पळीनं बजावलं. मडकं थरथरलं, तसं आतलं दूधही हललं.

"झाकणीबाई, लागलं का हो?" ते घटकेघटकेला विचारू लागलं.

"अरे, सारखं हललास तर लागेल कसं? विरजण घातलंय ना? त्याचं ते बघेल. तू आपली फोडणी ऐक."

मडक्यानं भीतभीतच कान दिला. मोहरी तडतडली, कढीपत्ता चुरचुरला. मग खिडकीतलं ऊन सरकत सरकत त्याच्या पोटावर आलं. किती बरं वाटलं! विचारायचं राहूनच गेलं.

संध्याकाळी पळी तोऱ्यात आत उतरली आणि दह्यात उभीच राहिली.