जेवायची हाक

"आता सांगा बुवा, ऐकून मी कुठला वाटतो?"

अच्युतबुवा मठाच्या पायरीवर बसून घेवडा निवडत राहिले.

चनबसू मूळचा विजापूरकडचा. पोरवयात या नदीकाठच्या मठात आला, मराठी इथेच शिकला. पण बोलण्याला कानडी हेल. वाक्याचं शेपूट उंच न्यायचं आणि तिथेच लोंबकळत ठेवायचं! त्याच्या पहिल्याच प्रवचनाला लोक खो खो हसले. बुवाही हसले. लोकांचं एक वेळ सोडा, बुवांचं हसणं मात्र त्याच्या जिव्हारी लागलं. गडी मोठा मानी. गाठोडं उचललं आणि पुणं गाठलं.

आज इतक्या वर्षांनी परतला होता, हेल पार पुसून. बुवांच्या तोंडून एकदा शाबास ऐकायचं, बाकी काही नको होतं त्याला.

"तुम्ही हसला होता, बुवा."

"हसलो होतो खरा..."

"आता हसून दाखवा!"

बुवांनी घेवड्याचं सूप त्याच्या हाती दिलं.

"स्वयंपाक कर. झाला की हाक मार."

आणि काठी टेकत नदीवरच्या उंबराखाली जाऊन बसले. पूर्वीही तिथेच बसायचे, चनबसूची जेवायची हाक येईपर्यंत.

चूल तीच होती. काठवटही तीच, एका बाजूने चिरलेली. भाकरी थापता थापता चनबसूला भरून आलं. काय दिवस होते ते!

पानं मांडून तो दारात आला.

"बुवा, जेवायला चला." स्वच्छ, सपाट, शहरी.

बुवा हलले नाहीत.

त्याने पुन्हा हाक दिली, जरा मोठ्याने. तरी नाहीच...

भाकरी निवत चालली. चनबसू चिडला. म्हाताऱ्याला ऐकू येत नाही, की मुद्दाम छळतोय? पण त्या पाठमोऱ्या, वाकलेल्या खांद्यांकडे बघता बघता त्याचा राग विरला. सकाळपासून बुवांच्या पोटात काही नव्हतं.

"बुवाऽऽ... जेवायला याऽऽ की!"

शेवट उंच गेला आणि नदीवर तसाच तरंगत राहिला. चनबसूने जीभ चावली.

बुवा लगबगीने उठले. काठीसुद्धा तिथेच विसरले. हसत, डोळे पुसत अंगणात आले आणि पानावर बसले.

"वाढ रे चनबसू. किती वर्षं उपाशी ठेवलंस..."