पुलाच्या पाठीमागचं पाणी

नदीवर पहिलावहिला पूल उभा राहिला, त्या काळातली ही गोष्ट. पूल जाडजूड खांबांचा होता आणि त्याचं तोंड होतं पाणी वाहत जातं त्या उताराकडे. पूर आला की पाणी किती चढलं ते तो ओरडून सांगायचा. काठच्या बिळांतले उंदीर त्याच्या शब्दावर निर्धास्त झोपायचे.

एका वर्षी पूर झाडंझुडपं उपटत धडाडत आला. पूल खुशीत गरजला, “गुडघ्याएवढंच आहे, कुणी हलू नका.”

तेवढ्यात वरच्या अंगाकडून खंड्या पक्षी भरारत आला. “पूलदादा, तुझ्या पाठीमागे पाणी कमरेला लागलंय. उंदरांच्या बिळांत शिरेल आता.”

“काहीतरीच. नदी एकच, मग पाणी इथं कमी न्‌ तिथं जास्त कसं?”

“नदी एकच आहे, पण मध्ये तू उभा आहेस. तुझ्या खांबांत झाडं अडकलीत, पाणी तुंबलंय.”

पाठीवरचा रेटा पुलाला मघापासून जाणवत होता. ती नदीची शाबासकी आहे, असं त्याला वाटलं होतं.

मग सगळा जोर लावून तो ओरडला, “पळा, टेकडीवर पळा. पाणी चढलंय, आणि ते माझ्यामुळे चढलंय.”

पिल्लं तोंडात धरून उंदीर सुसाट सुटले. शेवटचं शेपूट टेकडीवर पोचलं, तोच बिळं बुडाली.

हल्ली पाणी किती, असं कुणी विचारलं की पूल आधी विचारतो, “माझ्या पुढचं, की पाठचं?”